५० एमएम एफ १.८, संक्रांतीपासून गणपतीपर्यंत: वापरानंतरचा अनुभव

कॅननची ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम ही लेन्स मी संक्रांतीच्या सुमारास घेतली. आता गणपती होऊन गेले. कॅमेरा २००डी मार्क टू, म्हणजे क्रॉप सेन्सरवाला (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा, लहान). मी हौशी फोटोग्राफर, नोकरी सांभाळून जमेल तेवढं करणारी. लग्नं, प्री-वेडिंग वगैरे काही नाही. माझे विषय म्हणजे घरची माणसं, परसातली झाडं आणि मे महिन्यात माहेरी, गुहागरच्या बाजूला, जे जे चालतं ते सगळं. त्यामुळे इथे विटांच्या भिंतीचे फोटो काढून कोपरे किती शार्प येतात ते तपासलेलं नाही. सुट्टीत घरच्यांचे फोटो काढायला एखादी लेन्स घ्यावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पुढे वाचावं.

निकाल आधीच सांगून टाकते. लेन्स छान आहे, किमतीच्या मानाने तर फारच. पण "किट लेन्सनंतर डोळे मिटून फिफ्टी घ्या" (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ एमएमची, फिफ्टी म्हणजे ५० एमएम) हा जो सल्ला जो तो देतो, तो क्रॉप बॉडीवाल्यांनी घरच्या फोटोंसाठी जरा तपासून घ्यावा.

बांधणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २०१५ साली आलेली ही लेन्स जेमतेम १६० ग्रॅमची, फिल्टर ४९ एमएमचा, माउंट धातूचा. याआधीच्या १९९०च्या मॉडेलला माउंट प्लास्टिकचा होता आणि ॲपर्चरला (प्रकाश आत घेणाऱ्या भोकाला) पाती पाच; हिला सात आहेत, म्हणून पानांतून झिरपणारे उन्हाचे कवडसे पंचकोनी न दिसता बरेच गोल दिसतात. फणसाखाली बसलेल्या माणसाचा फोटो काढला की हे लगेच लक्षात येतं.

आता मुख्य मुद्दा. १.६च्या क्रॉपमुळे ही लेन्स फुल फ्रेमच्या ८० एमएमसारखी वागते. आकड्यात सांगायचं तर समोरच्या माणसापासून तीन मीटरवर उभं राहिलं, तर आडव्या फ्रेममध्ये साधारण १.३ मीटर रुंदी मावते. म्हणजे खेटून बसलेली तीन माणसं, तीही कंबरेपर्यंत. आमची ओटी जेमतेम तीन मीटर रुंद. मे महिन्यात तिथे भाऊ, वहिनी, आत्या, तिची नातवंडं आणि शेजारची दोन-चार पोरं अशी पंगत बसते. पंगतीचा फोटो या लेन्सने काढायचा तर मला अंगणात उतरून थेट तुळशीवृंदावनापलीकडे जावं लागतं, आणि तिथून ओटी म्हणजे काळोखी चौकट! "पाय हाच झूम" असं म्हणतात खरं, पण मागे भिंत असली की पाय तरी काय करणार?

पण माजघरात हिला तोड नाही. जुन्या कोकणी घरात माजघराला धड खिडकी नसते. उजेड येतो तो परसदाराकडून आणि कौलांत बसवलेल्या एखाद्या काचेतून. आमच्याकडे आंब्याची अढी तिथेच लागते. भाताच्या पेंढ्यात हापूस निगुतीने मांडलेले असतात आणि आई रोज सकाळी एकेक फळ हातात घेऊन वास घेत, हलकेच दाबत पिकलेलं वेगळं काढते. किट लेन्सचं ॲपर्चर ५५ एमएमला एफ ५.६पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). १.८ला त्याच्या जवळजवळ दसपट प्रकाश आत येतो. किट लेन्समध्ये इमेज स्टॅबिलायझेशन आहे, हिच्यात नाही, हे खरं. पण स्टॅबिलायझेशन माझा हात स्थिर करतं, आईचा नाही. आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची तीव्रता) १६००, एफ २ आणि शटर १/१०० सेकंद ठेवलं की आंबा उचलणारी बोटं स्वच्छ येतात आणि काळोखही काळोखच राहतो. फ्लॅश मारला तर माजघराचं रेशनचं दुकान होतं.

आणि बाहेर आलं की नेमकं उलट. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस त्याच सुमारास असतो. त्या उन्हात आयएसओ १००ला एफ १.८ वापरायचं तर शटर साधारण १/८००० लागतं, आणि या कॅमेऱ्याची धाव १/४०००पर्यंत. म्हणजे निदान एफ २.८ तरी करा, नाहीतर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. शिवाय ऊन वरून पडतं म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. यावर घरगुती इलाज म्हणजे माणसाला मांडवाच्या कडेला, सावलीत, पण तोंड उजेडाकडे करून उभं करायचं. तांबड्या मातीवरून उन्हाची तिरीप उलटून हनुवटीखाली येते आणि चेहऱ्याला छान ऊबदार रंग चढतो. झाडाखाली मात्र पानांची हिरवट छटा कातडीवर बसते. म्हणून मी रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढते, मग रंग घरी येऊन निवांत सुधारता येतो.

लेन्स नवीन असताना मीही सगळ्यांसारखं सगळं १.८लाच काढत होते. मागचं विरघळलेलं, चेहरा तेवढा उठून आलेला. एक मीटरवरून १.८ला फोकसची खोली असते जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर; एक डोळा शार्प, दुसऱ्या डोळ्याला धुकं. शहरात हे चालून जातं, कारण मागे पार्किंग नाहीतर वाळत घातलेले कपडे असतात, ते पुसलेलेच बरे. माहेरी आजीने लॅपटॉपवर स्वतःचा फोटो पाहिला. नऊवारीचा काठ, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सगळं झकास आलेलं. ती म्हणाली, "अगो, पण माझ्या पाठचा फणस कुठे गेला? नि रहाट?" मी समजावलं की असं मुद्दाम करतात, मागचं असं धूसर होण्याला ‘बोके’ (bokeh) म्हणतात. ती म्हणाली, "मग मला काय, तुमच्या बिल्डिंगीत बसूनसुद्धा काढता आला असता."

मला तिचं म्हणणं पटलं. त्यानंतर मी गावी एफ ४ ते ५.६च्या खाली क्वचित उतरले, आणि याच लेन्सने काढलेले माझे आवडते फोटो त्याच पट्ट्यात आहेत. एफ ४ला या लेन्सचे फोटो १.८पेक्षा बरेच शार्प येतात, आणि उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला येणारी जांभळी किनारही जाते (ती स्वस्त आणि मोठ्या ॲपर्चरच्या बहुतेक लेन्सना येते). मागचा फणस मऊ होतो, पण फणसच राहतो. आता कोणी विचारेल, एफ ४च वापरायचं तर १.८ची लेन्स कशाला? त्याचं उत्तर वर माजघरात दिलं आहे.

जवळून काढायच्या गोष्टींसाठी ही लेन्स अर्धी कामाची. ३५ सेंटिमीटरच्या अलीकडे फोकस होत नाही. तेवढ्यावरून फ्रेम भरते साधारण साडेदहा सेंटिमीटरची, म्हणजे एक हापूस आरामात, करवंदांचा द्रोण थोडा कापून. मुंगी, चतुर, फुलातला परागकण वगैरे विसरा. पण हातांच्या कामांना हे अंतर बरोबर बसतं. यंदा रातांबे भरपूर आले होते. वहिनी आणि आत्या ते फोडून बिया वेगळ्या करत, सालं उन्हात घालत, मग पुन्हा रसाची पुटं देत. आमसुलं होईपर्यंत हा उद्योग दिवसचे दिवस चालतो आणि त्यात प्रत्येकीचे हात कोपरापर्यंत रंगतात. इथे एक तांत्रिक गंमत आहे. रातांब्याचा लाल रंग इतका गडद की कॅमेऱ्याचा लाल चॅनल आधीच भरून वाहतो आणि सालीचा पोत जाऊन नुसता लाल डाग उरतो. हिस्टोग्रामकडे (कॅमेऱ्यातल्या उजेड-काळोखाच्या आलेखाकडे) बघितलं तर बाकी सगळं ठीक वाटतं. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करून बघा, सालीवरच्या रेषा परत येतात. पिवळ्याधमक बहाव्यालाही हाच उपाय.

पक्षी? नाही. नवरंग याच दिवसांत येतो, पहाटे परसामागच्या राईतून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते; वडावर धनेश येतात तेव्हा पंखांचा आवाज आधी पोचतो. या लेन्समध्ये दोन्ही म्हणजे ठिपका. मी दुर्बीण घेऊन नुसतं बघितलं.

धावणाऱ्या पोरांसाठी एक सांगते. व्ह्यूफाइंडरमधून या बॉडीला ऑटोफोकसचे नऊच पॉइंट आहेत, तेही बहुतेक मध्यावर गोळा झालेले. स्क्रीन उघडून लाइव्ह व्ह्यूमध्ये काढलं तर चेहरा आणि डोळा कॅमेरा स्वतःच धरतो, शिवाय कॅमेरा पोरांच्या उंचीवर नेता येतो. विहिरीजवळच्या डोणीत डुंबणाऱ्या भाच्याचे फोटो मी असेच काढले, शटर १/१०००वर. पण यात बॅटरी भराभर संपते. कंपनीच्या मोजणीनुसार व्ह्यूफाइंडरने हजाराच्या वर फोटो निघतात, स्क्रीनवरून तीनशेच्या आसपास. वळवाच्या पावसाची गडगड सुरू झाली की आमच्याकडे वीज जाते ती दुसऱ्या दिवशी येते, तेव्हा एक जादा बॅटरी भरून ठेवाच.

त्याच वळवाच्या आगेमागे काजवे येतात. गडग्यापलीकडच्या आंब्याच्या झाडावर आधी दोन-चार, मग अख्खं झाड लुकलुकायला लागतं. इथे १.८ पुन्हा उपयोगी पडतं. ट्रायपॉड, आयएसओ १६००, पंधरा-वीस सेकंदांची फ्रेम, अशा अनेक फ्रेम घ्यायच्या आणि घरी एकावर एक रचायच्या. अडचण फोकसची. लेन्सवर अंतराची पट्टी नाही आणि रिंग यांत्रिक नसून मोटरवर चालते, कॅमेरा बंद असताना ती फिरवून काहीच होत नाही. म्हणून अंधार पडायच्या आधीच झाडावर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून फोकस लावा, लेन्स मॅन्युअलवर टाका आणि मग रिंगला हात लावू नका. टॉर्चचा झोत मारू नका, फ्लॅश तर नाहीच. काजव्यांचं लुकलुकणं हे जोडीदाराला बोलावणं असतं, उजेडात ते बिघडतं. आमच्या पोरांना हे एकदा सांगितल्यावर ती इतकी कडक झाली की मला मोबाइलही उघडू देईनात.

दमट हवेबद्दल. कोकणात बुरशी लेन्सला सोडत नाही, जून ते सप्टेंबर तर मुळीच नाही. मी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवते. दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा डब्यात. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवू नका, पीठ आत जातं. पुढची नळी फोकस करताना बाहेर येते, त्यामुळे समुद्रावर वाळू उडत असेल तर मी लेन्स बॅगेतच ठेवते. वारा नसेल तेव्हा पुढे यूव्ही फिल्टर, आणि घरी आल्यावर त्यावरचा खारा थर ओल्या कापडाने पुसायचा.

मग घ्यावी का? तुमच्याकडे क्रॉप बॉडी आणि १८-५५ असेल आणि घरची माणसं हाच विषय असेल, तर मी आधी ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ बघायला सांगेन. तीन मीटरवरून तिच्यात पावणेतीन मीटर रुंदी मावते, जवळजवळ सगळी ओटी येते, आणि फोकस १६ सेंटिमीटरपर्यंत होतो. प्रकाश १.८पेक्षा कमी मिळतो, पण किटपेक्षा जास्त. फुल फ्रेम असेल तर प्रश्नच नाही, फिफ्टीच घ्या. मी स्वतः ही विकणार नाही. २४ एमएम दिवाळीपर्यंत घ्यायचा विचार आहे, सेकंडहँड चांगली मिळाली तर त्याआधीच. पुढच्या मेमध्ये पंगत २४वर आणि अढी ५०वर, असं ठरवलं आहे.