वेबॅक मशीन: कोकणातली जुनी हौशी संकेतस्थळं शोधायला कितपत कामाचं?

जलदुर्ग, शंखशिंपले, कोकण रेल्वेची इंजिनं अशा विषयांवर हौशी लोकांनी १९९७-९८ च्या सुमारास बनवलेली पानं हवी असतील, तर जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणारं इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन हाच पहिला दरवाजा. फुकट आहे, खातं लागत नाही. मजकुरासाठी पाचपैकी चार, फोटोंसाठी जेमतेम दोन.

मुख्य अडचण अशी, की पानाच्या आतला मजकूर इथे शोधता येत नाही, पत्ताच लागतो. तो जुन्या स्मरणिकेत, मासिकात किंवा दुसऱ्या हौशी पानावरच्या 'दुवे' विभागात मिळतो. जिओसिटीजच्या (हौशी लोकांना फुकट पानं बनवू देणारी तेव्हाची सेवा) पानांना अनेकदा दोन पत्ते असतात: आधीचा 'वस्ती' (म्हणजे विषयवार गट) आणि घरक्रमांकाचा, आणि १९९९ मध्ये याहूने ती कंपनी घेतल्यानंतरचा सभासदनावाचा. दोन्ही टाकून बघा. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि फुली (तारांकन) दिली की साठवलेल्या सगळ्या फायलींची यादी येते. यादीवरच्या चौकटीत गावाचं नाव टाकून ती गाळता येते, पण मालवणचं स्पेलिंग कुणी व्हीने करतं, कुणी डब्ल्यूने. शिवाय तेव्हा फायलींची नावं आठ अक्षरांत कोंबायची सवय होती, त्यामुळे सिंधुदुर्ग पूर्ण टाकलात तर हाती काही लागणार नाही. पहिली पाच रोमन अक्षरं पुरे.

मराठी पानांचं दुखणं वेगळंच. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची आजची समान पद्धत) रुळण्याआधीचा मजकूर शिवाजी, किरण अशा फॉन्टांत असे; तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. पान मोडलेलं नसतं. पत्त्यातल्या १४ अंकी तारखेला चिकटून इंग्रजीत आयडी आणि अंडरस्कोर लिहा, म्हणजे आर्काइव्हची पट्टी जाऊन मूळ पान उघडतं. त्याच्या सोर्समध्ये (पानामागच्या कोडमध्ये) 'फेस' या शब्दापुढे फॉन्टचं नाव सापडेल. फॉन्ट बसवूनही चौकटी आणि प्रश्नचिन्हं दिसली, तर गडबड एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं अंकांत साठवण्याच्या पद्धतीची, आहे. क्रोममध्ये ते बदलायची सोय नाही. फायरफॉक्सच्या व्ह्यू मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे. मग मजकूर लिब्रे ऑफिसमध्ये चिकटवून तोच फॉन्ट द्या.

फोटोंचं काय होतं? पान एका दिवशी साठवलेलं, चित्र दुसऱ्या, काही चित्रं कधीच नाहीत. 'अबाउट धिस कॅप्चर' उघडलं की प्रत्येक चित्राची तारीख कळते. फोटो त्याच जागी नंतर बदललेलाही असू शकतो. विजयदुर्गच्या तटबंदीची पडझड अशा फोटोंवरून ठरवणाऱ्यांनी हे आधी बघावं. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं. बंद पडण्याआधी आर्काइव्ह टीम या वेगळ्या गटाच्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढं उतरवून घेतलं. वेबॅकमध्ये चित्र नसेल तर त्या साठ्यावरून उभ्या राहिलेल्या नकला तपासा.

अभिप्राय वही (गेस्टबुक) आणि वेबरिंगचं (एकाच विषयाच्या पानांची साखळी) 'पुढचं पान' हे बटण चालत नाही, कारण दोन्ही सर्व्हरवरच्या प्रोग्रामवर चालायचं. वहीतला मजकूर वेगळी फाइल म्हणून साठला असेल तर वाचता येतो, आणि तो जरूर वाचा. चुका दुरुस्त करणारे स्थानिक लोक तिथेच लिहीत.

होडीचे दर आणि गाड्यांच्या वेळा मात्र या जुन्या पानांवरून उचलू नका. कोकण रेल्वेचं तर पावसाळी वेळापत्रकही निराळं असतं.