नवे बुश, कुईकुई आणि एक बोल्ट: आठ महिन्यांनंतर

पिकअपचं पुढचं सस्पेन्शन बदलून आठ महिने झाले. तिसऱ्या महिन्यात हे लिहायला घेतलं होतं, तेव्हा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यात बसणारी, आत नळी असलेली रबरी गुंडी) बनवणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. अर्धवट सोडलं ते बरं झालं.

सुरुवात नेहमीचीच. गतिरोधकावरून उतरताना डावीकडून 'ठक', आणि टायर आतल्या कडेने खाल्लेला. जो तो म्हणे शॉकअप गेले. जोडी बदलली, 'ठक' जागच्या जागी. मग लोअर आर्मखाली, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याखाली, जॅक लावून चाक पहारीने उचकून पाहिलं, तर बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाकाकडची बाजू जोडणारा गोळ्याचा सांधा, ढिला. पाच मिनिटांचं काम आधी केलं असतं तर! जुने शॉकअप अजून कोपऱ्यात पडलेत, टाकवत नाहीत.

दोन्हीकडचे लोअर बॉल जॉइंट, आर्मचे बुश, स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची जोडणी), सगळं घरीच बदललं. गाडी एकदम गप्प. तीन महिन्यांनी कुईकुई सुरू झाली. सीटवर नुसतं बसलं तरी कुई. सिलिकॉन स्प्रे मारला की दोन दिवस शांतता. वाकून पाहिलं तर डाव्या बुशच्या रबराला चीर. म्हटलं, माल डुप्लिकेट.

माल चांगला होता, चूक माझी होती. आर्मचे बोल्ट मी गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळले होते. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी जखडली जाते. पुढे आर्म हलतो तेव्हा ती फिरत नाही, रबर पिळवटतं. म्हणजे गाडी जमिनीवर उभी असतानाही माझे बुश चोवीस तास पिळलेलेच. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच करायचं. बुशच्या खोक्यातल्या कागदावर हे असेलही, पण त्या कागदाने मी ग्रीसचे हात पुसले होते.

उजवीकडचा बोल्ट सैल केला तर 'कट्' असा आवाज झाला आणि गाडीचा तो कोपरा जरासा खाली बसला. पुढून धरून दोनचार हेलकावे दिले, मग आवळला. कुई बंद. डावा बुश नवा घ्यावा लागला. त्याच कंपनीचा घेतला. पाच महिने आवाज नाही.

उंची बदलली म्हणून अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) पुन्हा करावं लागलं, तो भुर्दंड वेगळा. आणि नव्या बॉल जॉइंटला ग्रीस निपलच (ग्रीस भरायचं तोंड) दिलेला नाही, ही तक्रार मात्र कायम. ग्रीस गन काय भिंतीला टांगून ठेवू?