कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: ठेवावा, रद्द करावा की भांडावं?

कर्जाची फाईल शेवटच्या टप्प्यात आली की शाखेतला माणूस सहज म्हणतो, "साहेब, इन्शुरन्स घ्यावाच लागतो, नाहीतर सिस्टीममध्ये फाईल पुढेच जात नाही." बिल्डरला चेक द्यायची तारीख डोक्यावर असते, मग आपणही सही ठोकून मोकळे होतो. कर्जासोबत आयुर्विमा घेतलाच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. घर तारण असेल तर त्या वास्तूचा विमा काढा, अशी अट करारात असू शकते; पण तो अमुकच कंपनीचा घ्या, असं बँक सांगू शकत नाही. बँक ही विमा कंपनीची कॉर्पोरेट एजंट असते आणि प्रत्येक प्रीमियममागे तिला कमिशन मिळतं. सिस्टीम पुढे न जाण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

प्रीमियम खिशातून जात नाही म्हणून तो बोचत नाही. तो कर्जातच मिसळला जातो. गृहकर्जात दीड लाखाचा एकरकमी प्रीमियम मिळवला आणि व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं धरली, तर त्या दीड लाखापोटी महिन्याला सुमारे १,३५० रुपये हप्ता बसतो आणि वीस वर्षांत ३ लाख २४ हजारांच्या आसपास भरणा होतो. पर्सनल लोनमध्ये ४० हजारांचा प्रीमियम ११ टक्क्यांनी पाच वर्षांत साधारण ५२ हजारांना पडतो. त्यामुळे तक्रारीत नुसता प्रीमियम मागू नका. त्यावर आकारलेलं व्याजही स्वतंत्र ओळीत मागा. न मागितलेली रक्कम कुणी आपणहून देत नाही.

भांडण्याआधी: हा विमा तुम्हाला नकोच आहे का?

हा प्रश्न लोक टाळतात, कारण राग आलेला असतो. कर्जासोबतच्या विम्याचं कवच बहुधा कर्जाबरोबर घटत जातं आणि दाव्याचा पैसा आधी बँकेकडे जातो. काही उरलं तर घरच्यांना. स्वतः घेतलेल्या टर्म विम्याचं (ठरावीक मुदतीच्या निव्वळ आयुर्विम्याचं) कवच शेवटपर्यंत तेवढंच राहतं, पैसा नॉमिनीला मिळतो आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी विमा आपल्याजवळच राहतो. तिशी-पस्तिशीतल्या निरोगी माणसाला टर्म विमा जवळजवळ नेहमीच परवडतो. पण वय पन्नाशीपार, मधुमेह किंवा हृदयविकार मागे लागलेला आणि दुसरा विमा नाही, असं असेल तर हात आखडता घ्या. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे बँकेच्या कर्जदारांसाठी एकत्र काढलेल्या विम्यात, वैद्यकीय तपासणीशिवाय मिळालेलं कवच बाहेर पुन्हा मिळेलच असं नाही. मात्र अर्जात "कुठलाही आजार नाही" यावर तुमच्या वतीने परस्पर टिक केलेली असेल, तर ते कवच ऐन वेळी दगा देऊ शकतं. म्हणून आरोग्याच्या घोषणापत्राची प्रत आधी मागवा आणि निर्णय मग घ्या.

खात्यातून परस्पर कापले जाणारे छोटे विमे हा वेगळा प्रकार. प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेचे वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये. न विचारता कापले असतील तर शाखेत अर्ज देऊन बंद करता येतात. पण दोन्हींचं कवच २ लाखांचं आहे (वीस रुपयांचं फक्त अपघातासाठी). या दोन्हींसाठी लोकपालापर्यंत (ग्राहकांच्या तक्रारी फुकट सोडवणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत) जाण्याऐवजी ते चालू ठेवा, असंच मी म्हणेन.

पहिले ३० दिवस

पॉलिसी हातात पडून महिना झाला नसेल, तर पुढच्या मार्गांचा विचार करायची गरजच नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार कागद मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक कालावधी मिळतो; आधी तो साधारणपणे १५ दिवसांचा होता. या काळात पॉलिसी परत केली की तेवढ्या दिवसांचा जोखीम प्रीमियम, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी रक्कम परत मिळते. इथे फसवणूक सिद्ध करावी लागत नाही.

याच महिन्यात लोक चूक करतात ती अशी की शाखेत जाऊन मॅनेजरशी वाद घालतात. तो गोड बोलतो, "मार्च एंड होऊ दे, मग बघू" म्हणतो आणि तीस दिवस उलटतात. रद्द करण्याचा अर्ज थेट विमा कंपनीला ईमेलने पाठवा, प्रत बँकेला द्या. कर्जाच्या ग्रुप विम्यात तुमच्या हाती पॉलिसी नसते, विमा प्रमाणपत्र असतं. फ्री लूकचं कलम त्यावर शोधा. प्रमाणपत्र मिळालंच नसेल तर तसं लेखी कळवा, कारण मुदत कागद मिळाल्यापासून मोजतात. प्रमाणपत्राचा ईमेल स्पॅममध्ये किंवा एजंटनेच टाकलेल्या भलत्या पत्त्यावर गेलेला असणं हा नेहमीचा प्रकार आहे.

महिना उलटल्यावर: बँकेवर बोट ठेवायचं की पॉलिसीवर?

इथून पुढे दोन लोकपाल आहेत आणि बरीच माणसं चुकीच्या दारात उभी राहतात. फरक असा: पैसे माझ्या संमतीविना कापले किंवा विम्याशिवाय कर्ज देणार नाही म्हणाले, ही बँकेची वागणूक झाली. ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते. एकदाच भरायचे सांगून दरवर्षीचा प्रीमियम लावला, कर्जाचं कवच म्हणून युलिप (बाजाराशी जोडलेली विमा-गुंतवणूक योजना) विकली, मुदत किंवा उत्पन्न खोटं लिहिलं, हा पॉलिसीचा आणि ती विकणाऱ्याचा दोष. तो विमा लोकपालाकडे.

रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे. ऑनलाइन तक्रार विनाशुल्क आहे, १४४४८ वर चौकशी करता येते. २०२१ च्या योजनेत नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापापोटी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद होती. योजना मधूनमधून सुधारली जाते, म्हणून रक्कम आणि मुदत तक्रार भरतानाच पोर्टलवर पाहून घ्या. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, तुम्हालाच लिहायची आहे. मात्र ज्या प्रकरणात बरेच कागद आणि तोंडी साक्षीपुरावे तपासावे लागतील, ते लोकपाल बाजूला ठेवू शकतो. "मॅनेजर तोंडी म्हणाला होता" एवढ्यावर इथे फार काही निघत नाही.

जमेची बाजू भक्कम होते ती एका कागदाने. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या नव्या कर्जांना ठळक माहितीपत्रक, म्हणजे केएफएस, सक्तीचं झालं. त्यात शुल्कांचा तक्ता असतो: प्रक्रिया शुल्क, विमा, मूल्यांकन आणि इतर. पुढे दोन रकाने, कर्जदात्या संस्थेला किती आणि तिच्यामार्फत तिसऱ्याला किती. विम्याची रक्कम त्या ओळीत दिसायला हवी आणि कर्जाचा सगळा खर्च धरून काढलेल्या वार्षिक टक्केवारीतही (एपीआर) धरलेली हवी. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही लावता येत नाही आणि तिसऱ्यासाठी वसूल केलेल्या पैशाची पावती द्यावी लागते. तेव्हा एका हातात केएफएस आणि दुसऱ्या हातात कर्जखात्याचं स्टेटमेंट घ्या. विम्याची ओळ कोरी आणि स्टेटमेंटमध्ये पहिल्याच दिवशी प्रीमियमची नोंद असेल, तर तक्रार अर्ध्या पानाची लिहा. "पॉलिसी वाईट आहे" असं त्यात लिहू नका. "अमुक तारखेला केएफएसमध्ये नसलेली अमुक रक्कम माझ्या संमतीशिवाय कर्जखात्यात नावे टाकली" एवढंच पुरे.

क्रेडिट कार्डालाही हेच लागू. फोनवर "मॅडम, कार्ड प्रोटेक्शन फ्री आहे" म्हणून गळ्यात घातलेली योजना पुढच्या स्टेटमेंटात अवतरते. कार्डांबाबतच्या २०२२ च्या निर्देशांनुसार संमती स्पष्ट हवी, गृहीत धरलेली चालत नाही. कॉल रेकॉर्डिंग मागा; ते नाही म्हणाले तर ते उत्तरही तक्रारीला जोडा.

विमा लोकपालाकडे जाण्याआधी विमा कंपनीकडे तक्रार करायची. ती आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरून किंवा १५५२५५ वर नोंदवली तर तक्रार क्रमांक मिळतो आणि कंपनीला टाळाटाळ करणं अवघड जातं. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायचं. इथेही फी नाही, वकील नाही. मर्यादा ५० लाखांची, म्हणजे कर्जाच्या विम्याला पुरून उरेल. लोकपालांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. गोव्याचा कारभार पुणे कार्यालय पाहतं. सगळे कागद मिळाल्यावर तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. तो कंपनीला बांधील असतो, तुम्हाला नाही. पटला नाही तर पुढचा रस्ता मोकळा. हा एकतर्फीपणा ग्राहकाच्या बाजूचा आहे आणि त्यामुळे दोन्ही दरवाजे लागू पडत असतील तर मी विमा लोकपालाला झुकतं माप देईन.

इथली अडचण म्हणजे पडताळणीचा फोन. "सगळ्याला हो म्हणा, फॉर्मॅलिटी आहे" असं सांगून एजंट बाजूला उभा राहतो आणि कंपनीकडे तुमचा स्वतःचा "हो" रेकॉर्ड होतो. तो रेकॉर्ड समोर आला की बाजू पडते. त्याला उत्तर कागदाने द्यायचं: निवृत्त माणसाच्या अर्जात फुगवलेलं उत्पन्न, पाच वर्षांच्या कर्जाला पंधरा वर्षांची पॉलिसी, न जुळणारी सही.

कर्ज कुणाचं आहे तेही पाहा. गृहवित्त कंपनी २०२१ च्या योजनेत नव्हती. तिची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या पोर्टलवर जाते. गावातल्या पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा अधिकार नाही, तिथे सहकार खात्याचा उपनिबंधक.

ग्राहक आयोग कधी?

रक्कम मोठी असेल, साक्षीपुरावा लागणार असेल किंवा बँक आणि विमा कंपनी दोघींना एकत्र ओढायचं असेल तेव्हा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, मग बँकेचं मुख्यालय कुठेही असो. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येतं. कायद्यात तीन महिन्यांची अपेक्षा लिहिली आहे, पण तारखा वर्षानुवर्षं लांबू शकतात हे धरून चला. चाळीस हजारांसाठी मी आधी लोकपालच गाठेन. चार लाखांसाठी आयोगाचा विचार करेन. मात्र दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका, आयोगात प्रकरण चालू असलं की लोकपाल हात वर करतो. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.

"आम्ही रिफंड काढून देतो"

ब्रिटनमध्ये हाच रोग पीपीआय (कर्जफेडीच्या संरक्षणाचा विमा) नावाने देशभर पसरला होता. २०११ मध्ये बँका हायकोर्टात हरल्या, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढच्या एका प्रकरणात प्रीमियमचा जवळपास ७२ टक्के भाग कमिशन होता आणि तो ग्राहकापासून लपवला होता असं निघालं. २९ ऑगस्ट २०१९ ला तक्रारींची मुदत संपली, भरपाईचा एकूण आकडा ३,८०० कोटी पाउंडांच्या घरात गेला. परतावा ठरवायचं सूत्र होतं: प्रीमियम, त्यावरचं व्याज आणि वर आठ टक्के सरळ व्याज. आपल्याकडे असं ठरलेलं सूत्र नाही, म्हणून हिशेब आपल्यालाच मांडून द्यावा लागतो. तिथेही दावे काढून देणाऱ्या कंपन्यांचं पीक आलं. फुकट होणाऱ्या कामात त्या एवढा वाटा घेऊ लागल्या की २०१८ मध्ये त्यांची फी २० टक्क्यांवर रोखावी लागली.

आपल्याकडे त्याहून वाईट प्रकार चालतो. "आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय" असा फोन येतो आणि आधी प्रोसेसिंग फी मागतात. नियामक असे फोन करत नाही. वरच्या दोन्ही लोकपालांकडे जायला एक रुपया लागत नाही, तेव्हा आगाऊ पैसे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

कर्ज मुदतीआधी फेडलं असेल तर तक्रारीच्याही आधी एक गोष्ट करा. एकरकमी प्रीमियमच्या विम्यात उरलेल्या मुदतीपोटी काही रक्कम परत मिळते. किती ते प्रमाणपत्रातल्या सूत्रावर ठरतं. ती सहसा आपोआप येत नाही. नो ड्यूज सर्टिफिकेट जोडून विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. कर्ज चालू असताना परतावा आला, तर तो बचत खात्यात आला की कर्जखात्यात ते तपासा. कर्जखात्यात जमा झाला असेल तर मुद्दल कमी झाल्याचं नवं हप्ता-वेळापत्रक लेखी मागून घ्या. नाहीतर पैसे परत येतात आणि हप्ता जुनाच कापला जात राहतो.