'द स्मिथ्स'चा आठ सीडींचा संच: सहा महिने ऐकल्यानंतर

मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या १९८०च्या दशकातल्या रॉक बँडची गाणी गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार या दोनच नावांवर आहेत. २०११ साली आलेला 'कम्प्लीट' हा आठ सीडींचा संच सहा महिने रोज ऐकल्यावर मत पक्कं झालंय: या दोन नावांत अँडी रूर्कचं बास गिटार झाकलं गेलंय, आणि तो मोठा अन्याय आहे.

आधी साधनाबद्दल. फोनच्या स्पीकरवर रूर्क गायबच होतो, कारण इतका छोटा स्पीकर खालचे स्वर पोचवूच शकत नाही. वायरचे हेडफोन घ्या आणि पहिल्या फेरीत इक्वलायझरवर एक किलोहर्ट्झच्या वरचं सगळं खाली ओढा. मग 'सेमेट्री गेट्स' लावा. बास नुसता मूळ स्वर धरून बसत नाही, गिटारच्या चालीखाली स्वतःची दुसरी चाल गातो. 'बार्बरिझम बिगिन्स ॲट होम' तर जवळजवळ सात मिनिटं त्याच्या फंक बासवरच उभं आहे. 'ऑसिलेट वाइल्डली'त चेलोही त्यानेच वाजवलाय.

जॉनी मारचं काम समजायला एक गिटार जवळ हवं. 'धिस चार्मिंग मॅन' साध्या ट्यूनिंगवर वाजवलं तर बोटं अडकतात. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून स्वर चढवणारा चिमटा) लावा, जी मेजरचे आकार धरा, म्हणजे ए मेजर ऐकू येईल आणि मोकळ्या तारा आपोआप झंकारतील. 'द हेडमास्टर रिच्युअल'ला ओपन डी ट्यूनिंग (मोकळ्या तारांतूनच डी मेजर वाजेल अशी जुळवणी) आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो.

'हाऊ सून इज नाऊ?'ची थरथर मात्र एका पेडलवर येत नाही, उगाच खर्च करू नका. १९८४ साली रेकॉर्ड झालेली गिटार चार फेंडर ट्विन रिव्हर्ब ॲम्पमधून पुन्हा सोडली होती, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. मार आणि निर्माता जॉन पोर्टर दोन-दोन ॲम्पचा ट्रेमोलो (आवाज झपाझप कमी-जास्त करणारी सोय) हाताने लयीत ठेवत होते. ट्रेमोलोचा वेग गाण्याच्या लयीला बांधलेला नसतो, त्यामुळे थोड्याच वेळात ताल सुटायचा. मग टेप मागे घेऊन पुढचा छोटा तुकडा. त्या थरथरीत जो जिवंतपणा आहे तो या हाताच्या कामामुळे.

ड्रमर माइक जॉइसबद्दल थोडक्यात: तो पंकमधून आला आणि सरळ, घट्ट वाजवतो. बास आणि गिटार इतकं फिरत असताना तेच योग्य होतं. 'द क्वीन इज डेड'च्या सुरुवातीचे टॉम (ड्रम) त्याचेच, पण तो तुकडा ध्वनिमुद्रक स्टीफन स्ट्रीटने सॅम्पल करून फिरवत ठेवलाय.

मॉरिसीला फक्त शब्दांचं श्रेय देणं चूक आहे. मार वाद्यांची कॅसेट द्यायचा आणि मॉरिसी चाल स्वतः बसवायचा, कडवं-ध्रुवपद यांची ठरलेली घडी न मानता. म्हणून त्याचं गाणं अनपेक्षित जागी सुरू होतं आणि ध्रुवपद कित्येकदा येतच नाही. वाद्य म्हणाल तर 'डेथ ऑफ अ डिस्को डान्सर'मधला पियानो, तेवढाच.

पैशाची वाटणी ४०-४०-१०-१० होती: मॉरिसी आणि मारला ४०-४० टक्के, रूर्क आणि जॉइसला १०-१०. १९९६ साली लंडनच्या न्यायालयाने रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नात जॉइसला २५ टक्के दिले; गीत-संगीताचं श्रेय दोघांकडेच राहिलं. रूर्कने त्याआधीच तडजोड केली होती. २०२३ साली तो गेला. त्याचा बास ऐकताना हे फार लागतं.

संचातल्या उणिवा: 'लाउडर दॅन बॉम्ब्स' आणि 'द वर्ल्ड वोन्ट लिसन'मध्ये बरीच गाणी तीच ती आहेत, आणि नाव 'कम्प्लीट' असून 'जीन' त्यात नाही. रीमास्टरिंग मारने स्वतः फ्रँक आर्कराइटबरोबर केलंय आणि बास सुटा, स्वच्छ ऐकू येतो. 'रँक' ही १९८६च्या लंडनच्या कार्यक्रमाची सीडी तुलनेला उत्तम: दुसऱ्या गिटारवर क्रेग गॅनन आहे, त्यामुळे स्टुडिओत मारने एकट्याने रचलेले थर मंचावर दोघांत कसे वाटले ते कळतं.

सगळा संच परवडत नसेल तर 'हॅटफुल ऑफ हॉलो' आणि 'द क्वीन इज डेड' सुटे घ्या. पहिल्यात बीबीसीसाठी झटपट केलेली रेकॉर्डिंग आहेत, थर कमी, त्यामुळे चौघं वेगवेगळे ओळखायला तिथूनच सुरुवात करणं सोपं.