पाइपच्या पोटाखालची माती: मिनी एक्स्कॅव्हेटर घ्यावा की सक्शन मशीन?

जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनचं कोटिंग, म्हणजे गंज रोखणारं बाहेरचं आवरण, दुरुस्त करण्याचं काम पहिल्यांदा घेणारे बरेच जण मला हे विचारतात. वरची माती काढायला कुठलंही मशीन चालतं. खरा प्रश्न पोटाखालचा. 18 इंची लाइन, तिच्यावर साधारण एक मीटर माती आणि ब्लास्टिंग करून (दाबानं वाळूसारखे कण मारून पाइप साफ करून) नवं कोटिंग गुंडाळायला खाली निदान अर्धा मीटर मोकळी जागा धरली, तर खड्डा दोन मीटरचा होतो. त्यातल्या शेवटच्या अर्ध्या मीटरला निम्मा दिवस जातो.

बॅकहो लोडरचं आधी बोलून घेऊ, कारण गावात तोच हाताशी असतो आणि रस्त्यानं स्वतः चालत येतो. वरच्या मातीला तो उत्तम. पण बाजूला उभा राहून काम करताना त्याची बकेट माती स्वतःकडे ओढते आणि मध्ये पाइप आडवा असतो. त्याच्याजवळच्या बाजूनं पोटाखाली जायला वाटच नाही. लाइनच्या रेषेत उभा केला, तर सात-आठ टनांचं धूड थेट पाइपवर येतं. शिवाय दर दोन हातांनी जॅक उचला, सरका, पुन्हा टेका. पोटाखाली काम करायचं असेल तर हा पर्याय मी तरी धरत नाही.

उरली दोन. सक्शन मशीन मी दोन हंगाम भाड्यानं वापरलं आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. हवेच्या झोतानं माती मोकळी होते, नळी ती ओढून घेते, पाइपला लोखंड लागतच नाही. शहरात एका गॅसलाइनच्या खड्ड्यात विजेच्या केबल, टेलिफोनचे डक्ट आणि पाण्याची जुनी जोडणी एकमेकांवरून गेलेली होती. तिथं कुदळ मारायलाही माणसं कचरत होती. सक्शननं दुपारपर्यंत सगळं उघडं करून दिलं, एकाही केबलला ओरखडा नाही. अशा ठिकाणी भाडं काही पट जास्त पडलं तरी मी तेच आणेन.

पण माझं बहुतेक काम नाशिक जिल्ह्यातल्या शेतांमधलं, निफाडच्या बाजूचं, काळ्या मातीतलं. तिथं एका गोष्टीनं मला दमवलं. एप्रिलमध्ये वरचा थर विटेसारखा असतो, त्याला फोडायला झोताबरोबर पहारही लागते. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हती ती पाइपच्या खालची माती. वर कितीही भेगा पडलेल्या असू देत, पोटाखाली ओल टिकून राहते. पाइपाची सावली म्हणा किंवा पुरताना नीट न ठोकलेली माती पाणी धरून ठेवते म्हणा, मला तर मे महिन्यातही तिथं हाताला चिकटणारी मातीच सापडली आहे. म्हणजे जिथं सक्शनची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तिथंच माती नळीला सगळ्यात जास्त चिकटते. चार इंची नळी पाच-सात मिनिटांत चोंदायची. मशीन बंद करायचं, नळी सोडायची, बाहेरून लाकडानं ठोकायची, आतला गोळा पहारीनं ढकलायचा, पुन्हा जोडायची. एका खड्ड्यावर आम्ही हे किती वेळा केलं ते मोजणं मी दुपारनंतर सोडून दिलं. मोठ्या नळीच्या ट्रकवर हा त्रास नक्कीच कमी असेल, पण तो ट्रक ऊस आणि द्राक्षांच्या बांधावरून आत न्यायचा कसा?

पाणी मारून माती सैल करण्याचा सल्ला मिळतो. कोटिंगच्या कामात तो मला पटत नाही. खड्ड्याच्या तळाशी चिखल झाला की तिथली हवा दमट होते, आणि पाइपाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते) निदान 3 अंश वर असल्याशिवाय कोटिंग लावता येत नाही. सकाळची पाळी वाया जाते. शिवाय टाकीत गेलेला लगदा परत भरायला निरुपयोगी. वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकत्र झाला की शेतकरी रागावतो, आणि त्याचं बरोबर असतं. ती माती त्याच्या पिढ्यांनी जपलेली असते.

तीन टनी मिनी एक्स्कॅव्हेटर इथं कामाला येतो तो आकारामुळे. लाइनच्या बाजूचा चर रुंद घेतला की तो उतार करून खाली उतरवता येतो. बूम, म्हणजे मशीनचा पुढचा हात, एका अंगाला वळत असल्यानं मशीन पाइपला समांतर उभं राहतं आणि बकेट पाइपच्या लांबीच्या दिशेनं चालते, आडवी येत नाही. दोन्ही बाजूंचे चर पाइपच्या तळापेक्षा खोल नेले की मधला मातीचा पट्टा खालून पोखरता येतो. मग लांब दांड्याच्या पावड्यानं बाजूला उभं राहून टोचलं, की पोटाला चिकटलेला थर ढेकळांनी सुटतो. पाइपखाली माणूस झोपवावा लागत नाही, आणि माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. दीड मीटरहून खोल चराला आधार किंवा उतार द्यायचा, हे खोदकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आयएस 3764 सांगतंच. पण आधार दिलेल्या खड्ड्यातही, पाइपच्या खाली आडवा झालेला माणूस वेळेवर बाहेर येऊ शकत नाही.

मिनीचा दोषही सांगतो. आमच्याकडे पहिल्या महिन्यात दातांची बकेट लावली होती. ऑपरेटर नवा होता. एका खड्ड्यात चांगल्या कोटिंगवर चरा उठला, डोळ्यांना दिसलाच नाही, हॉलिडे टेस्टरची (कोटिंगमधली भोकं विजेच्या दाबानं शोधणारं उपकरण) ठिणगी पडली तेव्हा कळलं. सव्वा मीटर जास्तीचं कोटिंग करावं लागलं. तेव्हापासून सपाट ओठाची बकेट, पाइपपासून 30 सेंटिमीटरच्या आत फक्त हातकाम, आणि खड्ड्याच्या काठावर इशारे द्यायला एक माणूस. त्यामुळे हे काम पूर्ण यांत्रिक आहे असं मी म्हणणार नाही. दोन माणसं लागतातच.

रशिया-युक्रेनकडे पाइपवर बसून पुढे सरकणारी आणि खालून माती कापत जाणारी यंत्रं आहेत. सलग कित्येक किलोमीटर कोटिंग बदलायचं असेल तर ती शोभतात. आपल्याकडे बहुधा सर्व्हेत दोष निघाला तेवढाच सहा-दहा मीटरचा खड्डा असतो, त्यासाठी ती चढवण्या-उतरवण्यातच दिवस जाईल.

तुमचं काम गावठाणात किंवा शहरात, केबलच्या जाळ्यात असेल, तर माझं ऐकू नका, सक्शनच आणा. माती मुरमाड, कोरडी असेल तरी ते बरं चालेल असं वाटतं. काळ्या मातीत, शेतातून जाणाऱ्या लाइनवर मात्र मी पैसे मिनीवर लावले आणि दोन वर्षांत त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. घ्यायच्या आधी एक दिवस भाड्यानं आणा, तुमच्याच ऑपरेटरला बसवा, आणि एक जुना रिकामा पाइप पुरून त्याच्या खालून माती काढायला सांगा. वरून खणताना सगळेच ऑपरेटर चांगले दिसतात.