कोंढव्यातलं मोरोक्कन जेवण, जमलं तर शुक्रवारीच जा

बाकीच्या दिवशी पण जेवण चांगलंच असतं पण कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) फक्त शुक्रवारी दुपारी मिळतो, आणि इथे यायचं ते त्यासाठीच. मोरोक्कोत जुम्म्याच्या नमाजानंतर घरोघरी कुसकुसच असतो, हे लोक इथेही तेच पाळतात. पाकिटातला कुसकुस आपण गरम पाणी ओतून झाकून ठेवतो तो प्रकार नाही हा, खाली मटण-भाज्यांचा रस्सा उकळतोय, वर चाळणीच्या भांड्यात दाणे वाफवतात, मग परातीत काढून पाण्याचा हात मारून हाताने मोकळे करतात आणि परत वाफेवर, असं दोन-तीनदा. सासूबाई बघूनच म्हणाल्या हा तर बिनफोडणीचा सांजा, आणि नंतर स्वतःच मागून घेतला :)

चौघांत मिळून एकच थाळा येतो. बिस्मिल्ला म्हणून उजव्या हाताने, आपल्या समोरच्या बाजूचंच खायचं, पलीकडे हात घालायचा नाही. मटण मधोमध असतं, ते शेवटी मालकीणबाई स्वतः येऊन तोडून वाटून देतात, त्यामुळे आमच्या चिरंजीवांची जरा पंचाईत झाली. चमचे मागितले तर देतात, लाजू नका.

ताजीन चिकनचं घेतलं, मुरलेलं लिंबू आणि ऑलिव्ह घातलेलं. मातीच्या भांड्यावर टोपीसारखं उंच झाकण, वाफ वर जाऊन थंड होते आणि परत खाली गळते, त्यामुळे पाणी फारसं न घालता मंद आचेवर चिकन हाडापासून सुटेपर्यंत शिजतं. लिंबू नुसतं मिठात मुरवलेलं, त्यात तिखट नाही गूळ नाही, आणि खायचं ते साल. सोबत गोल जाड पाव, खोब्ज, त्यानेच रस्सा टिपून खायचा. झणझणीत काही मिळेल या आशेने जाऊ नका, जिरं, आलं, दालचिनी, केशर असला सगळा सौम्य कारभार आहे.

बस्तीला मला नाही झेपलं, चिकन-बदामाच्या पापुद्र्यावर पिठीसाखर आणि दालचिनी, बायकोला मात्र जाम आवडलं. पुदिन्याचा चहा उंचावरून ओततात, फेस छान येतो, पण साखर भयंकर, आधीच सांगा.

व्हेजवाल्यांसाठी : सात भाज्यांचा कुसकुस मेन्यूत आहे पण रस्सा मटणाचाच असतो, वेगळा करून हवा असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. सगळं हलाल, दारू नाही, बाहेरून आणलेली पण चालत नाही, तेव्हा पार्टीचा बेत असेल तर दुसरीकडे जा.

रमजानमध्ये दुपारी बंद, इफ्तारला उघडतं. तेव्हा खजूर, हरीरा (टोमॅटो, मसूर, चणे, कोथिंबीर घातलेलं दाट सूप) आणि शेबाकिया, म्हणजे तळून मधात बुडवलेली मिठाई. हरीरा एवढा पोटभरीचा असतो की पुढचं जेवण जात नाही.

सर्व्हिस स्लो आहे, पार्किंग शून्य, टू-व्हीलरनेच जा. आणि शुक्रवारी आधी फोन करा, अडीचनंतर कुसकुस संपलेला असतो.