हॅगार्ड वाचायला घेताना: ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ की ‘शी’?

इंग्रज कादंबरीकार रायडर हॅगार्ड वयाच्या 19व्या वर्षी, 1875 साली, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल वसाहतीत गेला. दोन्ही कादंबऱ्यांची आफ्रिका त्या वर्षांतून आली आहे, पण हाताळणी अगदी वेगळी.

वेग: ‘माइन्स’ (1885) पहिल्या प्रकरणापासून धावते. हत्तींचा शिकारी क्वाटरमेन स्वतः गोष्ट सांगतो: साधी वाक्यं, नकाशा, वाळवंट, तहान. ‘शी’ (1887) आधी ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात क्रमशः आली, तरी सुरुवात संथच. निवेदक हॉली केंब्रिजचा विद्वान. तिसऱ्या प्रकरणात एका प्राचीन खापरावरचा ग्रीक आणि लॅटिन मजकूर जसाच्या तसा छापलाय आणि बरेच वाचक तिथेच पुस्तक मिटतात. तो खुशाल ओलांडा, अर्थ सोबत इंग्रजीत दिलेला आहे.

खोली: इथे ‘शी’ कितीतरी वरचढ. दोन हजार वर्षं एका प्रियकराची वाट पाहणारी आयेशा, कोर नावाचं मृत नगर, अमरत्वाची किंमत हे सगळं मनातून जात नाही. ‘माइन्स’मध्ये लक्षात राहते ती म्हातारी गगूल.

आवृत्ती: ‘माइन्स’च्या गोष्टीत आधी पौर्णिमेच्या आसपास सूर्यग्रहण होतं. पण ते तेव्हा होणं अशक्य, म्हणून पुढच्या आवृत्त्यांत चंद्रग्रहण केलं. जुनी प्रत असेल तर गोंधळू नका.

वसाहतवादी नजर आणि वंशाबद्दलची खटकणारी विधानं दोन्हींत आहेत. मुलांना देताना त्याबद्दल बोलावंच लागेल.

बारा-चौदा वर्षांच्या मुलांना किंवा इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्यांना ‘माइन्स’ द्या. मिथकं, मृत्यू आणि गूढाची ओढ असणाऱ्या मोठ्यांनी थेट ‘शी’ घ्यावी.